आधी सांग, कोणासाठी?

स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिले’ असा विषय दिला आहे. मी तो परस्पर बदलून ‘ड्रॉइंगच्या बाईंनी मला काय दिले’ असा करून घेतो. गणिताच्या सरांवर, खो-खोच्या संघावर आणि गॅदरिंगच्या नाटकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या १९९२ च्या बॅचमधल्याच काही जणांचे हात शिवशिवत असतील. बाईंवर कोणी लिहील याची मात्र मला खात्री नाही. त्या काळी चित्रकलेला दहावीत मार्क नव्हते, आणि ज्याला मार्क नाहीत त्याच्या शिक्षकाची आठवणही कोणी काढत नाही.

वरच्या मजल्यावरची, जिन्याला लागून असलेली ड्रॉइंगची खोली सगळ्यांना माहीत आहे. पण त्या खोलीतलं हिरवं कपाट किती जणांनी उघडं पाहिलं असेल? त्यात रंगांच्या बाटल्यांपेक्षा भंगारच जास्त. जुन्या लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे, जरीकाठाचे तुकडे, संक्रांतीनंतर झाडावरून काढलेले फाटके पतंग, संपलेल्या रिफिली आणि टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या. बाई काहीच फेकत नसत. लग्नाला गेल्या की जेवणाआधी पत्रिकेचा कागद चाचपून बघत, असं त्याच सांगायच्या.

डिरेक्टऱ्या होत्या फुलं वाळवायला. तो पातळ, खरबरीत कागद फुलातलं पाणी लवकर ओढून घेतो. गुळगुळीत मासिकाच्या पानात फूल ठेवलं तर ते सडतं, हे मला सातवीत कळलं. फूल पालथं ठेवायचं, पाकळ्या बोटाने पसरायच्या, वर पाचपन्नास पानं उलटून पुढचं फूल. दोन-तीन दिवसांनी सगळ्यांना कोरड्या पानांत हलवायचं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. वजन म्हणून संगीताच्या वर्गातली बंद पडलेली पेटी त्या ढिगावर ठेवलेली असायची. संगीताचे सर वर्षातून एकदा ती मागायला येत. बाई म्हणत, “राहू द्या हो सर, इथे ती काही तरी कामाची आहे.”

सुट्टीचा गृहपाठही फुलांचाच. मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात पारा पंचेचाळिसावर गेला की सगळे कूलरसमोर पडून असतात. बाई म्हणायच्या, असं वाळवणीचं ऊन दुसऱ्या गावात मिळायचं नाही, आई पापड करते तसे तुम्ही गुलमोहर करा. गुलमोहराच्या पाचांतली एक पाकळी निराळी असते, तिच्यावर पांढरे-पिवळे पट्टे असतात. तोवर आम्ही पोट्टे त्या फुलातले केसर काढून कोंबड्यांची झुंज लावायचो, पाकळ्यांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की बाई आधी ती पाचवी पाकळी आणली का ते बघत.

कुठलं फूल चिकटवायचं आणि कुठलं चितारायचं, याचा बाईंचा हिशेब पक्का होता. बोगनवेल चिकटवायची, तिच्या रंगीत ‘पाकळ्या’ मुळात पानंच असतात, कागदासारख्या पातळ, रंग धरून ठेवतात. शेवंती जाड, म्हणून पाकळ्या सुट्या करून वाळवायच्या आणि कार्डावर पुन्हा फूल जुळवायचं. शेवंती फुकट मिळायची. एका मुलाचे काका बर्डीवर नेताजी मार्केटच्या फुलबाजारात हार ओवायचे, उरलेली फुलं तो पिशवी भरून आणायचा. पारिजातक मात्र वाळवायचा नाही. पांढरी पाकळी तपकिरी पडते आणि जीव नकोसा होतो. पारिजातकासाठी मेणबत्ती. कोऱ्या कागदावर मेणबत्तीच्या टोकाने पाकळ्या काढायच्या, काही दिसत नाही, अंदाजानेच. मग वरून निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला की मेण पाणी धरत नाही आणि निळ्यातून पांढरी फुलं वर येतात. मध्ये नारिंगी पोस्टर कलरचा एकेक ठिपका. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वर्गातून “ओऽ” असा आवाज निघाला होता, आणि शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले होते.

पळस तर चिकटवायचाही नाही, चितारायचाही नाही. तो उकळायचा. होळीच्या आधी रामटेककडून येणारी मुलं पिशव्या भरून फुलं आणत, बाई स्टोव्हवर पातेलं चढवत, तुरटीचा खडा टाकत, आणि त्या पिवळ्या पाण्यात हातकागद बुडवून दोरीवर वाळत घालत. चुन्याची चिमूट पडली की तोच रंग नारिंगीकडे झुकायचा. “गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची, पाहुणे आहेत, त्यांना वर बसवा,” बाई म्हणायच्या, “पळस घरचा. तो जमीन होईल.” म्हणजे कार्डाची पार्श्वभूमी. हातकागद त्या वर्ध्याहून आणत. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ मध्ये मगनवाडीत सुरू झालं आणि तिथे हाताने कागद करायला शिकवत, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की इतिहासाच्या पेपरात ते विचारलं नाही याचा मला राग आला होता.

आता कार्ड. बाई कधीच ‘आज आपण ग्रीटिंग करू या’ असं म्हणत नसत. कागद मागायला गेलं की विचारायच्या, “आधी सांग, कोणासाठी?” ‘आईसाठी’ एवढं उत्तर चालत नसे. आईला काय आवडतं? तिचे हात दिवसभर कशात असतात? ती कार्ड कुठे ठेवील, कपाटात की देवघराजवळ? देवघराजवळ ठेवणार असेल तर तिथे दिवा असतो, खरं फूल लावू नको, उजेडाने विटेल, मेणाचं कर. ‘कोणासाठी पण चालेल’ म्हणणाऱ्याला कागद मिळत नसे. तो तास मग बाकीच्यांच्या पाकळ्या निवडण्यात जायचा.

कागद मिळाला की आधी घडी. मशीनच्या कागदातले तंतू एका दिशेला पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर कडेला तडकते. म्हणून ताव हातात घेऊन उभा-आडवा हलकेच वाकवून बघायचा, जिकडे मुकाट वाकेल तिकडे घडी. हातकागदाला ही भानगड नाही, त्यातले तंतू कसेही पडलेले असतात. मग पट्टी लावून संपलेल्या रिफिलीने एक खोल रेघ, आणि त्या रेघेवर दुमडायचं. त्यापुढचा क्रम ठरलेला: आधी पाणी, मग शाई, मग फूल, शेवटी दोरा. फूल आधी लावलं आणि वरून ओला ब्रश फिरला की सगळं गेलं. ओल्या रंगावर मीठ भुरभुरायचं. वाळल्यावर झटकलं की खड्यांनी रंग ओढून घेतलेल्या जागी चांदण्यांसारखे डाग उरतात, लांबून ते जाईच्या वेलासारखे दिसतात. पतंगाच्या कागदाचे तुकडे पाकळीसारखे फाडून ठेवायचे, त्यांच्यावर पाण्याचा ब्रश फिरवायचा, वाळल्यावर तुकडे उचलायचे. कागद निघून जातो, रंग राहतो. फेव्हिकॉल पाणी घालून दुधाइतका पातळ, आणि तोही फुलाच्या पोटाला एक थेंब. कडांना लावला तर फूल सुरकुततं. परागांसाठी दोऱ्याच्या गाठी. पिनेने आधी भोकं पाडून घ्यायची, मगच सुई. मुलांनी सुई हातात घ्यायला कुरकूर केली तर बाई म्हणत, “काऊन रे, पतंग फाटल्यावर कोण शिवतं, तुझी बहीण?”

नववीत असताना घंटा देणारे मामा निवृत्त झाले. मामांना वाचता येत नव्हतं. बाईंनी वर्गाला मिळून एकच कार्ड करायला सांगितलं आणि अट घातली की त्यात एकही अक्षर नको. आमच्या वर्गात वळणदार अक्षराचा एक मुलगा होता, ‘सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहायला तो घरून बोरू घेऊन आला होता. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. बाकीच्यांचा खल सुरू झाला. मामांना काय ओळखू येईल? फाटकावरची बोगनवेल, कारण तिला पाणी तेच घालत. आणि घंटा. आपली घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेने टांगलेला. बाईंनी मधल्या सुट्टीत आम्हाला खाली नेलं, रुळावर पातळ कागद धरायला लावला आणि मेणखडू आडवा करून वरून घासायला सांगितलं. हळूहळू कागदावर लोखंड उतरलं: कडा, गंजाचे फोड, आणि मधोमध वर्षानुवर्षं हातोडी बसून पडलेला खळगा. कागद धरून माझे हात लाल झाले होते. कार्डाच्या बाहेर शाईने फाटक, त्यावर खरी बोगनवेल, तीन-तीनच्या झुपक्यांत, आणि प्रत्येक झुपक्यात तिचं ते बारीक पांढरं खरं फूल म्हणून दोऱ्याची गाठ. आत फक्त तो रूळ.

निरोपाच्या कार्यक्रमात मामांनी पाकीट घेतलं, उघडलं, कार्ड काढून पाकीट पुन्हा एकदा उलटं करून झटकलं आणि माइकसमोरच विचारलं, “काऊन बाई, पाकीट एवढं मोठं, अन् अंदर फुलंच?” सगळी शाळा हसली. बाई तर पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होत्या. मग मामांनी कार्ड उघडलं, त्या खळग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा तं माह्या टोल्याचा खड्डा.” एवढंच, आणि ते खाली उतरले. मुख्याध्यापकांचं पैशांचं पाकीट नंतर आलं.

मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ए ग्रेडने पास झालो, तेही बाईंमुळेच, पण ते सर्टिफिकेट आता कुठे आहे कोणास ठाऊक.

आज माझं पत्रिका छपाईचं दुकान आहे, बऱ्याच जणांच्या घरची कार्यं माझ्या मशीनवरून गेली आहेत. डाय-कटिंग, क्रीजिंग, सोनेरी फॉइल, सगळं एका छताखाली. पत्रिका अमेरिकेलाही जातात. नवीन पोरगा कामाला आला की त्याला मी तीनशे जीएसएमचा जाड ताव वाकवून बघायला लावतो. ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, न बघता क्रीज टाकली आणि हजार पत्रिका घडीवर फुटल्या, की भाव करणारा बापच काय, देवही माफ करत नाही. गिऱ्हाईक आलं की मी विचारतो, मुलगी काय करते, मुलगा कुठला, घरासमोर कुठलं झाड आहे. काही लोकांना वाटतं मी चौकशा करतो. गेल्या वर्षी शेतकी कॉलेजात भेटलेल्या एका जोडप्याची पत्रिका पळसाच्या पाण्यात रंगवलेल्या हातकागदावर केली, दोरा हातानेच ओवला. पैसे फारसे सुटले नाहीत. दुकानात लावलेली तेवढी एकच आहे.

बाकी बहुतेक जण मोबाईल पुढे करतात, “हेच पाहिजे.” त्यातला गुलाब मी इतक्यांदा छापला आहे की झोपेत ओळखेन. दिवाळीच्या शुभेच्छा तर आता छापायलाही कोणी येत नाही. एकाने पाठवलेलं चित्र दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. माझा एक मित्र मला माझंच चित्र पाठवतो. बाजारात तयार कापलेली फुलं मिळतात, मागे गोंद लावलेली, पाच पाकळ्या अगदी सारख्या. मुलांना ती ‘प्रोजेक्ट’साठी लागतात. ड्रॉइंगच्या खोलीत म्हणे आता संगणक आहेत. संगणक हवेतच, माझंही पोट त्यावर आहे, पण ते दुसऱ्या खोलीत बसले नसते का? आणि त्या कपाटाचं काय केलं, हे मी दोघातिघांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.

बाई सध्या मुलाकडे असतात. शाळेच्या कार्यक्रमातल्या सत्कारासाठी फोन केला तर म्हणाल्या, शाल-श्रीफळाची खोगीरभरती नको, शाल मी कापून टाकीन आणि श्रीफळाची चटणी करीन. मी त्यांना म्हटलं, प्रदर्शनात एक टेबल लावतो, चालेल का? त्यावर त्यांनी लगेच यादी सांगायला सुरुवात केली.

तर समितीने ते टेबल मंजूर केलं आहे. कागद, शाई, सुई-दोरा आणि फेव्हिकॉल माझ्याकडून. फुलं तुम्ही आणायची. कार्यक्रम जानेवारीत आहे, म्हणजे बोगनवेल आणि शेवंती आत्ताच दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पानं बदला, आणि इस्त्रीने वाळवायचा शहाणपणा करू नका, रंग जळतो. ज्यांच्या माळ्यावर टेलिफोनची जुनी डिरेक्टरी अजून असेल त्यांनी ती रद्दीत न देता माझ्या दुकानात आणून टाकावी. आणि टेबलाशी येण्याआधी कार्ड कोणासाठी करायचं ते घरूनच ठरवून या. तिथे बाई बसलेल्या असतील, कागद त्यांच्याच ताब्यात राहणार आहे.