बेसचा आवाज गोड करताना

आमच्या ऑर्केस्ट्राचं निम्मं आयुष्य बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या लग्नाच्या हॉलांत गेलंय. माझा चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारा) जॅझ बेस गिटार, पुढे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) आणि थेट मिक्सर. आवाज स्वच्छ, पण कोरडा. ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की मी वाजवतोय की नुसता उभा आहे, हे मलाच कळायचं नाही. मिक्सरवरचे मामा बेसचा, म्हणजे खालच्या कंपनांचा, नॉब वाढवायचे. त्यानं हॉल घुमायचा, सूर मात्र कळायचा नाही तो नाहीच.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी स्टुडिओ कन्सोलच्या (मोठ्या मिक्सरच्या) प्रीॲम्पवर, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणाऱ्या भागावर, बेतलेलं एक पेडल (गिटार आणि मिक्सरच्या मधे जोडायची डबी) सेकंडहँड घेतलं. किती पैसे गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही. या जातीच्या बऱ्याच पेडलांचं मूळ कन्सोल बनवणारे इंजिनिअर रूपर्ट नीव्ह यांच्या १९७० च्या १०७३ या प्रीॲम्प मॉड्यूलमध्ये आहे: क्लास ए ट्रान्झिस्टर सर्किट, सिग्नल आत येताना एक ट्रान्सफॉर्मर, बाहेर पडताना दुसरा.

शहापुरातल्या घरी माळ्यावर जोडलं आणि हौसेनं गेनही (सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) वाढवला, बेसही. खालची ई तार छेडली की नुसतं फर्र. भाऊ खालून ओरडला, "काय करूलालास रे, स्पीकर फाडूलालास काय?"

चूक माझीच होती. कंपनं जितकी खालची, तितका ट्रान्सफॉर्मरचा गाभा लवकर भरतो आणि आवाज फाटतो. ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे सगळ्यात आधी तीच दबणार, आणि मी तिलाच आणखी फुगवत होतो. मग उलटं केलं. बेसचा नॉब मधल्या खुणेच्याही खाली, हाय-पास (ठरावीक कंपनांच्या खालचं कापणारा फिल्टर) साधारण ६० हर्ट्झवर, गेन इतकाच की हळू वाजवलं तर स्वच्छ आणि बोट जोरात पडलं तरच किंचित खरखर. कमी पडलेला आवाज मास्टर व्हॉल्यूमनं भरून काढला.

फरक कळला तो मोबाइलवर. तीच ओळ पेडलशिवाय आणि पेडलसह रेकॉर्ड केली. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ४१ हर्ट्झ कुठलं झेपतंय! पहिल्या टेकमध्ये तारेवर बोट घासल्याचा आवाज तेवढा होता. दुसऱ्यात सूर होता. ८२, १२३, १६४ अशी वरची हार्मोनिक्स (४१ च्या पटीतली कंपनं) आली की खालचा सूर कान आपणच भरून घेतो. ऊब ऊब म्हणतात ती मला तरी बेसच्या नॉबात सापडली नाही, ती इथं सापडली.

खानापूरच्या लग्नात मात्र पहिल्याच गाण्याला मिक्सरचा लाल दिवा पेटला तो विझेना. पेडलमधून लाइन लेव्हल (माइकपेक्षा बराच मोठा सिग्नल) बाहेर पडत होती आणि आम्ही ती माइकच्या इनपुटात घातली होती. मामांनी केबल काढून लाइन इनपुटात घातली, दोन मिनिटं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "आता बेस कळूलालाय बघ."

हम् (विजेची घूं घूं) मात्र वाढलाय. पेडल सिग्नलबरोबर तोही वाढवतं, आणि गिटारवरच्या दोन पिकअपांपैकी (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) एकच उघडा ठेवला की डेकोरेशनच्या लायटिंगजवळ जास्तच. म्हणून सध्या दोन्ही पिकअप सारखेच उघडे ठेवतो, म्हणजे त्यांचा हम् एकमेकांना मारतो.