पेन्सिल

आज मस्टरवर सही करताना दिसलं. चार महिने रोज सही करतोय, दिसलं आज. सगळ्यांची नावं निळ्या पेनानं, माझं आणि त्या पॅकिंगमधल्या नव्या पोराचं पेन्सिलनं. मस्टर लिहिणाऱ्या काकांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "सहा महिने होऊ दे. पोरं निघून जातात, मग रजिस्टरात खाडाखोड होते."

एवढंच. चिडून नाही, टोमणाही नाही. तरी संध्याकाळी गाडीत पाळधी गेलं, धरणगाव गेलं, डोक्यात तेच. पेन्सिल.

अमळनेरहून अंधारात निघायचं आणि आठच्या शिफ्टला लॅबमध्ये उभं राहायचं. बाहेर ४५ अंश, मशीनमध्ये २३०. चटईचा प्लास्टिक दाणा आला की एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स काढायचा : दाणा वितळवून, वर २.१६ किलोचं वजन ठेवून दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहून आला ते. भंगाराचा दाणा जास्त मिसळलेला असला की आकडा चढतो. पुन्हा पुन्हा वितळून त्याच्या साखळ्या तुटलेल्या असतात, माल पातळ वाहतो. मागच्या आठवड्यात मी एक लॉट अडवला. सुपरवायझर माझ्याकडं नुसतं बघत राहिले, मग म्हणाले परत लाव. परत लावलं. आकडा तोच. त्या रिपोर्टवर माझी सही आहे, पेनानं. लॉट अडवायला मी पक्का, मस्टरवर कच्चा.

हे लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

बीएस्सी झाल्यावर चौदा महिने घरी होतो. पप्पा तेव्हा काही म्हणाले नाहीत, फक्त जेवताना टेबलफॅन माझ्याकडं फिरवायचे. ते आज नको. दादाचा पुण्याहून फोन आला होता, तेही नको.

आजी मात्र रोज दारातच धरते, "कायम व्हयना का रे?" मी म्हणतो, होईन. आज नुसती मान हलवली, चप्पल काढली आणि थेट मोरीत गेलो. तिला पेन्सिलचं काय सांगणार? सांगितलं असतं तर ती उद्या डब्यासोबत पेन देईल.

रात्री पगाराची स्लिप काढून बसलो. १६,०००. पीएफ १,५००, ईएसआय १२०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १४,१८०. पहिलाच पगार फेब्रुवारीचा, त्यात टॅक्स ३०० कापलेला. मला वाटलं, नव्या माणसाला दंड असेल. दोन दिवस कोणाला विचारलंही नाही. मग कळलं, वर्षाचे २,५०० पुरे करायला फेब्रुवारीत सगळ्यांचेच ३०० जातात. म्हणजे टॅक्सवाल्यांना मी जुनाच. आणि स्लिपवर तो पीएफचा बारा आकडी नंबर, यूएएन, कंपनी सोडली तरी तोच राहणार. पीएफच्या दप्तरात मी कायम होऊन बसलोय आणि इथं काकांच्या खोडरबराच्या भरवशावर. एकट्यालाच हसू आलं. आजीला हेच सांगावं, कायम झालो म्हणून. खोटं तर नाही.

दुसऱ्या दिवशी, रात्री

आज ते नाव नीट बघितलं. आडनावात 'ळ'च्या जागी 'ल' आहे. आमच्याकडं 'ळ'चा 'य' होतो, हा 'ल' कुठून आला कोण जाणे. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, खोडलं, फुंकर मारली, पेन्सिलला टोक काढलं आणि सावकाश 'ळ' लिहिला.

वरच्याच ओळीत बॉयलरवाले 'पाटिल' आहेत. ऱ्हस्व. निळ्या पेनानं, अकरा वर्षांपासून, दर महिन्याला तसेच उतरवलेले.