फराळाबरोबर दोन कॅप्सूल

आषाढ शुद्ध अष्टमी, रात्री

सेकंड शिफ्ट संपवून घरी पोचायला साडेअकरा झाले. बेळगावहून येळ्ळूरच्या रस्त्यावर पाऊस असा की हेल्मेटची काच उघडली तरी पंचाईत, मिटली तरी पंचाईत. आईनं भात-आमटी झाकून ठेवली होती. पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल, निम्मं जेवण झाल्यावर दुसरी. तूप एक चमचा. वजन कालच्याएवढंच.

दुपारपासून कळ आहे. बेंबीच्या वर सुरू होते आणि आरपार पाठीत जाते. उताणं पडलं की वाढते. पोटाशी उशी धरून पुढं वाकून बसलं की जरा सोसवते, म्हणून लिहितोयही तसाच.

माझं स्वादुपिंड, म्हणजे पाचकरस बनवणारी ग्रंथी, बिघडलंय; कॅप्सूल त्यासाठीच. डॉक्टरांनी ही वही घालायला सांगितली ती एवढ्यासाठी: काय खाल्लं, किती कॅप्सूल घेतल्या, कळ आली का, संडास कशी झाली. चार शब्दांत आटपायचं काम. मला ते जमत नाही. इतकी वर्षं पोटाबद्दल नीट कुणी विचारलंच नव्हतं, आता कुणी विचारतंय म्हटल्यावर पान पुरत नाही.

नवमी

फर्स्ट शिफ्ट नाही, पाऊस उघडत नाही, शेतात रोप लावणीला माणसं आहेत आणि मला चिखलात वाकायची मनाई. वाकल्यावर बरं वाटतं असं मी म्हणतो, तर दादा हसतो, "मग ये की लावणीला."

दहावीनंतरच्या सुट्टीत पहिल्यांदा दुखलं. गल्लीतल्या एका काकूंनी बेंबी सरकली म्हणून तेल लावून, पोट चोळून ती जागेवर बसवली. दोन-तीन दिवसांत दुखणं थांबलं. असले झटके पुष्कळदा आपोआप ओसरतात हे तेव्हा कुणाला ठाऊक? श्रेय काकूंना. पुढच्या वेळी दुखलं की परत काकू. त्यानंतर पित्त झालं, मग अल्सर असेल असं ठरलं, मग 'टेन्शन घेतो पोरगा'. पित्ताच्या गोळ्या मी इतक्या खाल्ल्या की औषधाच्या दुकानात मला चिठ्ठी मागत नसत.

एक सोनोग्राफीही झाली होती. तिच्या रिपोर्टात सगळ्या अवयवांपुढं 'नॉर्मल' लिहिलेलं आणि स्वादुपिंडापुढं एक ओळ: आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसलं नाही. आम्ही घरी आलो ते 'सगळं नॉर्मल हाय' म्हणतच. ती ओळ कुणी वाचली नाही. वाचली असती तरी नीट दिसलं नाही म्हणजे परत बघायला हवं, एवढं आमच्या लक्षात आलं नसतं. ते ज्यांच्या लक्षात यायला हवं होतं त्यांनी चिठ्ठीवर गॅसची गोळी लिहून दिली.

स्वादुपिंड जठराच्या मागं, पार पाठीच्या कण्याला लागून आडवं असतं. पुढं हवेनं भरलेली आतडी आली की सोनोग्राफीला ते चकवतं. रक्तातलं अमायलेज आणि लायपेज, म्हणजे या ग्रंथीची पाचकद्रव्यं, तपासलं तेही नॉर्मल आलं. अचानक सूज येते तेव्हा हे आकडे चढतात. पण आजार जुना झाला, ग्रंथी सुकत गेली, की चढायला आत फारसं काही उरतच नाही. म्हणजे रिपोर्ट चांगला आला तो ग्रंथी खराब झाल्यामुळे, असंही होऊ शकतं. हे मला पुष्कळ उशिरा, दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. त्यांनी सीटी स्कॅन केला. स्वादुपिंडाची नळी फुगलेली, आत खडे. नाव मिळालं: क्रॉनिक पँक्रियाटायटिस, स्वादुपिंडाची जुनाट सूज.

नाव मिळाल्यावर मला चक्क बरं वाटलं. आई रडली.

दशमी

पण नावाच्या आधी प्रश्न आला होता, आणि तो काही जात नाही. "किती वर्षं पिताय?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं पाणी. 'पीत नाही' म्हटल्यावर डॉक्टरांनी आबांना बाहेर बसायला सांगितलं आणि आवाज उतरवून परत तेच विचारलं. आबा गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, पंढरीच्या वाटेवर अर्धं आयुष्य गेलेला माणूस. बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यांना सगळं ऐकू येत होतं. प्रश्न चुकीचा नाही, हे मला आता कळतं. दारू हे या आजाराचं मोठं कारण आहेच, आणि बिडी-सिगारेट हे त्याच्या जोडीनंच नव्हे तर स्वतंत्रपणेही कारण आहे. निपाणीच्या तंबाखूवर या मुलखातली किती घरं उभी राहिली, त्यामुळे ते ऐकायला आमच्याकडं कुणाला आवडत नाही. विचारण्याबद्दल तक्रार नाही. उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याबद्दल आहे.

गावात ते आणखी वेगळ्या वाटेनं पसरतं. "माळकऱ्याचा पोरगा हाय, पण उद्यमबागेत कारखान्यात काय करतोय कुणाला म्हाईत." एक चांगलं स्थळ एवढ्यावर मोडलं. मुलीकडच्यांनी तसं सांगितलं नाही, पत्रिका जुळत नाही म्हणाले.

दारू नाही, तंबाखू नाही, पित्ताशयात खडे नाहीत, मग कारण काय? हैदराबादला गेलो तिथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की भारतात न पिणाऱ्या तरुण माणसांत हा आजार पुष्कळ दिसतो. नळीत मोठे खडे, मग पचन जातं, मग साखर. केरळात १९६०च्या दशकात डॉ. गीवर्गीज यांनी अशा शेकडो रुग्णांची नोंद करून ठेवलीय. पुढं जनुकांचा शोध लागला. स्पिंक-१ नावाच्या जनुकातला एक बदल आपल्याकडच्या अशा पुष्कळ रुग्णांत सापडतो. ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं द्रव्य. ते आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचं असतं. ते ग्रंथीतच जागं झालं तर त्याला आवरायचं काम या स्पिंकचं. ते कमी पडलं की ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते.

मी विचारलं, "मग हेच कारण?" डॉक्टर म्हणाले, हा बदल शंभरात एक-दोन निरोगी माणसांतही असतो आणि ती जन्मभर ठणठणीत राहतात. तो एकटा पुरत नाही. आणखी काय लागतं ते नक्की सांगता येत नाही. फाइलवर त्यांनी 'कारण अज्ञात' अशा अर्थाचा शब्द लिहिला. आबांना मी सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलंय की दारू नव्हे. त्यांनी तो कागद मागून घेतला. इंग्रजी येत नाही तरी बराच वेळ बघत होते.

खडे बाहेरून लहरींचा मारा करून फोडले, मग दुर्बिणीतून नळी मोकळी करून स्टेंट घातला. कळा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. खर्चाचं लिहीत बसत नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं तेव्हा गावात पेढे वाटले होते, इकडच्या कर्नाटक सरकारनं डोळे वटारले होते. रोजच्या कॅप्सूलचे पैसे मी अजून खिशातूनच घालतो.

एकादशी

आज घरात सगळ्यांचा उपास. आबा पहाटेपासून टीव्हीसमोर, पंढरपूरची महापूजा. गुडघ्यांमुळे यंदा वारीला गेले नाहीत, त्यामुळे चिडचिड.

कॅप्सूलची गोष्ट आज लिहायलाच हवी. कळांच्या जोडीनं दुसरा एक त्रास होता, तो मी कुणाला सांगत नव्हतो. संडास फिकट, तेलकट, उग्र वासाची. दोन बादल्या पाणी ओतलं तरी वर राहायची. मशीनच्या कूलंटच्या टाकीवर वंगणाचं तेल येऊन पसरतं ना, अगदी तसा तवंग. कंपनीतल्या संडासात जायची मला लाज वाटायची, म्हणून शिफ्टला जेवायचंच बंद केलं होतं. पँटी ढिल्या झाल्या. लोकांना वाटलं जिमला जातो.

शौचाच्या तपासणीत इलॅस्टेज म्हणून स्वादुपिंडातून येणारं एक द्रव्य मोजतात. २००च्या वर असलं की ठीक, १००च्या खाली म्हणजे ग्रंथी फारच थकलेली. माझा आकडा १००च्या बराच खाली. चरबी पचवणारं लायपेज नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली घसरेपर्यंत असा तवंग सहसा दिसत नाही म्हणे. म्हणजे मी लाजत होतो तेव्हाच बहुतेक सगळं संपलेलं. चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात. माझं ड तळाला गेलेलं, त्यामुळे हाडं ठणकायची आणि मी दोष मशीनसमोर उभं राहण्याला द्यायचो.

उपाय म्हणजे ती द्रव्यं बाहेरून घेणं. कॅप्सूलवर २५००० लिहिलेलं असतं, ते लायपेजचं माप. जेवणाआधी तासभर नाही, नंतर नाही, जेवतानाच. अन्न आणि औषध पोटात एकत्र मिसळायला हवं. आतले बारीक दाणे चावायचे नाहीत. आणि ही द्रव्यं येतात डुकराच्या स्वादुपिंडातून. साखरेचा भरवसा नाही म्हणून मला कडक उपास नको म्हणतात, शाकाहारी घरात तेलतुपाची भाजी चालेल म्हणतात, पण हे शाकाहारी कुठून आणायचं? दुकानात पाचक म्हणून मिळणाऱ्या बुरशीच्या आणि पपईच्या औषधांनी माझं भागत नाही, ती घेऊन बघितलेली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, आबांना नको. मी म्हटलं, त्यांच्या घरात, त्यांच्या ताटाशेजारी बसून घ्यायचंय, सांगायला हवं. सांगितलं. आबा थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "गिळायचं, का लावायचं?" गिळायचं म्हटल्यावर उठून शेताकडं गेले. दोन दिवस विषय नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, ती बाटली देवघराच्या कोनाड्यात नको, फ्रीजवर ठेव. संपलं. तेव्हापासून बाटली फ्रीजवर आहे, आणि मी दोन घास खाल्ले आणि बाटली हलली नाही की तेच ओरडतात, "औषध घेतलास काय रं?"

तर आज फराळ. आईनं साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ. पूर्वी मला एका ठिकाणी तेल-तूप पूर्ण बंद सांगितलं होतं, त्यानं वजन आणखी उतरलं. आता म्हणतात, चरबी खा, फक्त कॅप्सूल पुरेशा घे. खाल्ली. पहिल्या घासाबरोबर एक, मध्ये एक. आषाढी एकादशी, साबुदाणा आणि डुकराचं पाचकद्रव्य. पांडुरंगानं काय ते समजून घ्यावं.

आईला मात्र खिचडी वाढताना हात जड झाला होता. कुणीतरी तिला सांगितलंय की साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्यावर या आजाराचा ठपका होता. खरं आहे, केरळात टॅपिओका पुष्कळ खातात आणि त्या कच्च्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून तो संशय होता. पण कंद न खाणाऱ्या भागातही तोच आजार सापडला, आणि संशय टिकला नाही. मी तिला हे सांगितलं, परत सांगितलं. "म्हंजे एकादशीला मी तुला इतकी वर्सं घातलं त्यानं न्हाई ना झालं?" नाही, आई. "नक्की?" इथं माझी पंचाईत होते. कशानं झालं नाही याची यादी माझ्याकडं लांबलचक आहे. कशानं झालं, हे विचारलं की हात रिकामे.

कळ: नाही. संडास: ठीक.

द्वादशी

उपास सोडायला पुरण होतं. एक पोळी, दोन कॅप्सूल. तीन महिन्यांची सरासरी साखर काठावर आलीय, त्यामुळे दुसरी पोळी नको. या ग्रंथीतून इन्शुलिन येतं तसं साखर उचलून धरणारं ग्लुकॅगॉनही येतं. दोन्ही गेली की साखर चढते तशी धाडकन उतरतेही, म्हणून नेहमीच्या मधुमेहाचं आणि याचं गणित वेगळं. ते अजून दारात आहे, घरात आलेलं नाही.

संध्याकाळी वहिनी वहीजवळ येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, चिमीचं पोट दुखूलंय म्हणती. वरच्या अंगाला. महिन्यात दुसऱ्यांदा." चिमी नऊ वर्षांची, दादाची मुलगी. पोरांचं पोट दहा कारणांनी दुखतं, जंत, बद्धकोष्ठ, शाळेचा गृहपाठ. मी तेच सांगितलं. वहिनी हलल्या नाहीत. काकूंकडं बेंबी बसवायला न्यायची आहे असं सासूबाई म्हणतात, नेऊ काय, असं त्यांनी विचारलं.

म्हटलं, न्या, तेल लावून घ्यायला काही हरकत नाही. पण सोमवारी डॉक्टरांकडंही न्या, सकाळी, काही खायला न देता, म्हणजे गॅस कमी असतो आणि सोनोग्राफीत दिसतं. रिपोर्टात 'दिसलं नाही' असं आलं तर तिथंच विचारा, मग पुढं काय? आणि दुखत असतानाच रक्त तपासून घेता आलं तर ते जास्त उपयोगाचं. दुखणं ओसरल्यावर आकडे गप्प बसतात.

त्यांना विसरायला होईल म्हणून कागदावर लिहून दिलं. मुलीच्या काकाला स्वादुपिंडाचा जुना आजार आहे, नळीत खडे होते, दारूमुळे झालेला नाही, तरी तेवढं बघावं. वहिनींनी वाचलं. "दारूचं कशाला लिवलंय? पोर नऊ वर्सांची हाय."

मी म्हटलं, राहू दे. विचारणारच आहेत.