महिन्याला ४३ मिनिटं: टीमला अपटाइमचं उद्दिष्ट देताना

एप्रिल उजाडला की महापे, ऐरोली, घणसोलीतल्या आयटी ऑफिसांत वर्षाची उद्दिष्टं भरायचा हंगाम सुरू होतो. बऱ्याच फॉर्मांत एकच वाक्य सापडतं: ‘सिस्टिमची विश्वासार्हता वाढवणे’. अप्रेझलच्या वेळी ते पूर्ण झालं की नाही यावर वाद घालायला दोन्ही बाजू मोकळ्या. काही जण उलट टोक गाठतात आणि अपटाइम, म्हणजे सिस्टिम चालू असण्याचा वेळ, ‘९९.९९ टक्के’ लिहून टाकतात. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९९ म्हणजे बंद राहायला ४ मिनिटं १९ सेकंद. रात्री तीनला अलर्ट वाजून, माणूस उठून, लॅपटॉप उघडून ओटीपी टाकेपर्यंत ती संपतात. दुरुस्ती माणसाच्या हातानेच होत असेल तर हा आकडा लिहूच नये. ९९.९ ला ४३ मिनिटं मिळतात, ९९.५ ला ३ तास ३६ मिनिटं. मागच्या तीन महिन्यांचा खरा आकडा काढा आणि त्याच्या एकच पायरी वरचा धरा.

खरा घोळ मोजमापात असतो. समजा, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी न्हावा शेव्याच्या कंटेनर ट्रिपांचं बुकिंग करणारं सॉफ्टवेअर आहे. हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का ते विचारणारी तपासणी, बिचारी २०० कोड (‘सगळं ठीक’) देत राहते, आणि मागे डेटाबेसचं कनेक्शन मिळत नसल्याने एकही बुकिंग होत नसतं. डॅशबोर्ड हिरवा, फोन मात्र खणखणतोय. म्हणून मोजायचं ते बुकिंग. लोड बॅलन्सर (येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा) असतो, त्याच्या लॉगमधून ‘बुकिंग सबमिट’च्या एकूण रिक्वेस्ट घ्या, त्यातल्या ज्या यशस्वी झाल्या आणि २ सेकंदांच्या आत परतल्या, त्या चांगल्या. चांगल्या भागिले एकूण, झालं. महिन्याला ६ लाख रिक्वेस्ट असतील तर ९९.९ ला ६०० चुकलेल्या चालतात.

आता वादाच्या जागा, ज्या आधीच लिहून ठेवायच्या. ५०० मालिकेतले एरर (सर्व्हर फसल्याचे कोड) आपले. ४०० मालिकेतले (रिक्वेस्टच चुकीची असल्याचे) गिऱ्हाइकाचे, पण ४२९ (‘फार रिक्वेस्ट आल्या’) आपलाच, कारण मर्यादा आपण घातली. डिप्लॉयनंतर, म्हणजे नवा कोड चढवल्यावर, ४०१ (ओळख पटली नाही) अचानक वाढले तर तेही आपलेच. लॉगिन आपण मोडलेलं असतं. लोड बॅलन्सरपर्यंत पोचल्याच नाहीत अशा रिक्वेस्ट लॉगमध्ये दिसत नाहीत. डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी यंत्रणा) बिघडला किंवा साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली तर आकडा शंभर टक्के दाखवील. त्यासाठी बाहेरच्या दोन ठिकाणांहून दर मिनिटाला एक खोटं बुकिंग टाकत राहावं लागतं. आणि ठरवून घेतलेलं मेंटेनन्स? माझ्या मते तेही मोजावं. कंटेनर रात्रीच जास्त हलतात, तेव्हा रात्री दोनला ‘कुणी वापरत नाही’ ही ऑफिसात बसून केलेली समजूत.

यातून हाती येतं ते एरर बजेट, म्हणजे महिन्याभरात चुकायची मुभा, आणि अलर्टही त्यावरच बांधायचे. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला म्हणून कुणाला झोपेतून उठवू नये. ९९.९ च्या उद्दिष्टाला एका तासात १.४४ टक्के रिक्वेस्ट चुकल्या तर महिन्याच्या बजेटचे २ टक्के त्या तासातच जातात. इथे फोन वाजावा. सहा तास ०.६ टक्के चुकत राहिल्या तर ५ टक्के जातात, तरीही वाजावा. तीन दिवस ०.१ टक्क्याने झिरपत असेल तर सकाळी कामाच्या यादीत एक टिकेट (नोंद) पुरे. तासाच्या मोजणीसोबत शेवटच्या ५ मिनिटांचीही अट जोडा, नाहीतर दुरुस्ती झाल्यावरही अलर्ट तासभर कोकलत राहतो. ट्रॅफिक कमी असताना हे गणित फसतं: तासाला ४० रिक्वेस्ट आणि एक चुकली, की २.५ टक्के. म्हणून ‘किमान १० चुकलेल्या’ ही अटही हवी.

टीमच्या उद्दिष्टांत ‘इन्सिडंटची संख्या निम्मी करा’ हे कधीही घालू नका. संख्या नक्की निम्मी होते, कारण लोक नोंदच करायचं सोडतात. दुरुस्तीच्या सरासरी वेळेचंही तसंच. नऊ बिघाड पाच-पाच मिनिटांचे आणि एक सहा तासांचा, सरासरी साडेचाळीस मिनिटं. तेवढ्या वेळाचा एकही बिघाड प्रत्यक्षात झालेला नसतो! मधला आकडा आणि सर्वांत लांबलेला बिघाड, दोन्ही वेगळे लिहा.

हाताने पूर्ण करता येतील अशी उद्दिष्टं तिमाहीला तीन-चारच असावीत. दहातले नऊ बिघाड गिऱ्हाइकाच्या फोनआधी अलर्टने कळावेत. कुठलाही डिप्लॉय १० मिनिटांत मागे घेता यावा, आणि ते ऑन-कॉलच्या (बिघाडाचा फोन घेणाऱ्या पाळीतल्या) सर्वांत नव्या माणसाने करून दाखवावं. बॅकअप नव्या मशीनवर २ तासांत उभा राहावा. ‘बॅकअप सक्सेसफुल’चा मेल इथे धरायचा नाही. डेटाबेस कनेक्शनचा हिशेब लिहिलेला असावा. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची असते. ॲपच्या ४ प्रती, प्रत्येकी २० उघड्या कनेक्शनचा साठा (पूल), म्हणजे ८०, निवांत. गर्दी वाढली, ऑटोस्केलिंगने (प्रती आपोआप वाढवणाऱ्या सोयीने) ६ प्रती केल्या, १२० झाले, आणि ऐन गर्दीत सगळंच आडवं. पूल लहान करा किंवा मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवा.

दुसऱ्यांवरचं अवलंबून राहणंही मोजा. आपलं ९९.९, पेमेंट गेटवेचं ९९.९, ओटीपी पाठवणाऱ्याचं ९९.९, तिन्ही एकामागोमाग लागत असतील तर हातात ९९.७ उरतं, महिन्याला साधारण २ तास १० मिनिटं. ओटीपीला दुसरा पुरवठादार ठेवणं हे म्हणूनच रीतसर उद्दिष्ट होऊ शकतं. मात्र रिट्राय (फसलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं) जपून: तीन थरांनी प्रत्येकी तीनदा प्रयत्न केले तर आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरवर एकाच्या २७ रिक्वेस्ट आदळतात. एकाच थरात रिट्राय, दर वेळी अंतर वाढवत आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवून.

आपल्या भागाचं एक वेगळं कलम. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या लाइन ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदमच गेली. अशा दिवशी क्लाउडवरचे सर्व्हर चालूच राहू शकतात. अडतं ते आपलं ऑफिस. व्हीपीएनचा (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा) डबा ऑफिसच्या यूपीएसवर, ऑन-कॉलवाला दिघ्यात किंवा कोपरखैरण्यात, घरचं वाय-फाय बंद, मोबाइल टॉवर बॅटरीवर. म्हणून तिमाहीत एकदा पुण्याच्या किंवा नाशिकच्या सहकाऱ्याने ऑफिसच्या नेटवर्कला हात न लावता रोलबॅक (डिप्लॉय मागे घेणं) करून दाखवावा. जमलं किंवा नाही, एवढीच नोंद. दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतल्या असतील तर दोन्ही फायबर बिल्डिंगमध्ये कुठून शिरतात ते खाली उतरून बघा. बरेचदा दोन्ही एकाच डक्टमध्ये असतात, आणि रस्ता खोदणारा जेसीबी बिल बघून केबल तोडत नाही.

एरर बजेट संपल्यावर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी प्रॉडक्ट आणि सेल्सच्या सहीने ठरवा: उरलेल्या महिन्यात नवी फीचर बंद, फक्त दुरुस्त्या आणि सिक्युरिटी पॅच, अपवादाची परवानगी एकाच माणसाकडे, लेखी. लागोपाठ दोन तिमाह्या बजेट अर्ध्याहून जास्त उरलं तर डिप्लॉयचा वेग वाढवा, मगच उद्दिष्ट एक पायरी वर न्यायचं का ते बघा.