शूबर्टचं लिंडनचं झाड: गाताना, वाजवताना

‘विंटरराइझं’ (‘हिवाळी प्रवास’) हा ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचा २४ गाण्यांचा संच १८२७चा, कविता जर्मन कवी विल्हेल्म म्युलरच्या. गाणारा एक एकटा प्रवासी, साथीला पियानो. त्यातलं पाचवं गाणं ‘डेर लिंडेनबाउम’. वेशीपाशी विहीर, तिच्याजवळ लिंडनचं झाड.

सुरुवात ई मेजर या उजळ स्वरपट्टीत, ३/४ तालात. पियानोतले झरझर ट्रिप्लेट, म्हणजे तीन-तीन सुरांचे गट, ही पानांची सळसळ. इथेच बहुतेकांची चूक होते. सूर लांबवणारा पायाखालचा पेडल दाबून धरला की पानं उरत नाहीत, नुसता धूर होतो. सूर बदलला की पेडल बदला, बोटं पट्ट्यांना चिकटून ठेवा, आवाज अगदी हळू.

दुसऱ्या भागात प्रवासी रात्री झाडाजवळून जातो आणि काळोखातही डोळे मिटून घेतो. तिथे स्वरपट्टी ई मायनर होते, सूर उदास होतो. फांद्या बोलावू लागल्या की पुन्हा मेजर. हा उजेड गायकानं आवाज वाढवून दाखवू नये. पियानो तो दाखवतोच.

मग थंड वारा टोपी उडवतो आणि तीच सळसळ वादळ होते. लय इथे पळते. ट्रिप्लेट मनात मोजत राहा.

शेवटी एक क्रियापद फार नीट उच्चारायला हवं. फांद्या आधी म्हणतात, ‘फिन्ड्‌स्ट’, इथे तुला विसावा मिळतो. अखेरीस शब्द येतो ‘फेन्डेस्ट’, म्हणजे तिथे मिळाला असता. झाड आणि माणूस यांच्यातलं सगळं अंतर त्या एका स्वरात आहे. तो घाईत गिळला, तर गाणं नुसतं गोड वाटतं.