कासवांच्या गावाला दुर्बीण घेऊन

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या कासव महोत्सवाला, म्हणजे कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला, मी गेले ती गळ्यात दुर्बीण अडकवून. होम-स्टेच्या काकू म्हणाल्या, "कासवं एवढी लांबून बघायची?" पक्षी बघायचा नाद आहे म्हटल्यावर हसल्या.

मुंबईकडून येणार असाल तर हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवा आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरा. पुढे बाणकोटवरून वेळास. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत कासव कमी आणि लोकांच्या पाठी जास्त दिसतात. राहणं-जेवण गावातल्या घरांतच, आधी फोन करून ठरवायचं.

पिल्लं सोडायच्या वेळा दोन, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. किनाऱ्यावर मादीनं घातलेली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. कार्यकर्ते घरट्यावरची टोपली उचलतात, खाली पिल्लं असली तर आपलं नशीब. आमच्या पहिल्या संध्याकाळी टोपली रिकामी निघाली. लोक हिरमुसले. मला मात्र कुरवांचा, म्हणजे इंग्रजीत 'गल' म्हणतात त्या समुद्रपक्ष्यांचा, थवा सापडला होता.

मार्चात कुरव ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. ज्याला काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात त्याचं डोकं हिवाळाभर पांढरं असतं, फक्त डोळ्यामागे एक ठिपका. परतीच्या प्रवासाआधी ते गडद व्हायला लागतं. थव्यात काही पांढरे, काही पूर्ण रंगलेले, काही मधलेच, पुस्तकातल्या एकाही चित्राशी न जुळणारे. चिखल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावर धावणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या, छातीवरही तांबूस रंग चढत होता. त्यातल्या निम्म्या माझ्या वहीत नुसत्या 'चिखल्या' म्हणूनच राहिल्या.

इथलं कासवांचं काम पक्ष्यांच्या निमित्तानंच सुरू झालं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं 2002 मध्ये समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होती, तेव्हा त्यांना कासवाच्या चोरीला गेलेल्या अंड्यांची टरफलं दिसली. महोत्सव 2006 पासूनचा. म्हणजे माझी दुर्बीण अगदीच उपरी नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली. दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश बंद. पिल्लांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण लाटेपर्यंत सरपटतात. तेवढ्यात ब्राह्मणी घार खाली आली. तांबूस पंख, पांढरं डोकं, इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती. सगळे हात हलवून तिला हाकलत होते आणि मी दुर्बीण लावून मनात म्हणत होते, अजून जरा खाली ये. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही मुकाट हात हलवायला लागले.

पुढच्या वर्षी जाईन ती मार्चच्या सुरुवातीलाच. एप्रिलमध्येही कासवं मिळतात, पण बहुतेक कुरव तोवर निघून गेलेले असतात.