वावरात काय उभं आहे?

"काकाजी, येत्या रविवारी पोरांना घेऊन वावरात यावं म्हणतो."

"या ना! काऊन विचारता? तुमचंच वावर हाय."

वऱ्हाडातल्या कुठल्याही गावी फोन लावा, उत्तर हेच येतं. सोयाबीन थ्रेशरवर चढलेलं असो, घरात लग्न असो, विहिरीतली मोटार जळालेली असो, उत्तर बदलत नाही. पाहुण्याला "नको" म्हणणं तिकडे रीतीत बसतच नाही. त्यामुळे या होकारातून आपल्याला काहीच कळत नाही. कळायचं असेल तर पुढचा प्रश्न विचारावा : "सध्या वावरात काय उभं आहे?" त्याच्या उत्तरावरून दिवस, कपडे, परतायची वेळ, सगळं ठरवता येतं.

उत्तर "सोयाबीन" आलं आणि महिना ऑक्टोबरचा असेल, तर बेत पुढे ढकलावा. काढणी, मळणी आणि पावसाची धास्ती एकाच आठवड्यात आलेली असते, तेव्हा घरधन्याला जेवायला सवड नसते, तो तुमच्या पोरांना बंडीत (बैलगाडीत) कधी फिरवणार? पावसाळ्याचा तर विचारच नको. काळी माती चांगली भिजली की पांदणीत चाक रुततं, ऊन पडलं तरी दोन-तीन दिवस गाडी धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जात नाही, आणि चपलेला चढलेला चिखल पावलागणिक वाढत जातो. शिवाय ते दिवस फवारणीचे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे विसरण्याजोगं नाही. "शेवटचं कधी फवारलं आणि काय फवारलं?" हे विचारायला अजिबात लाजू नये. औषधाच्या डब्यावर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस उलटले नसतील तर वांगं असो की संत्रं, हातात घेऊ नये.

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री, फुटलेली पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीच्या हिरव्या शेंगा. जानेवारी-फेब्रुवारीत हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या. हुरड्याच्या जाहिराती आता वऱ्हाडातही झळकतात, पण कापूस आणि सोयाबीनने ज्वारी इतकी मागे रेटली आहे की हुरड्यासाठी ज्वारीचं वावर आधी शोधावं लागतं. त्यापेक्षा तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकडून पोरांपुढे ठेवा. सोलता सोलता ती तासभर जागची हलत नाहीत.

दुसरा प्रश्न विजेचा : "या आठवड्यात लाइन दिवसाची की रात्रीची?" शेतीपंपाची थ्री-फेज वीज बऱ्याच गावांत पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी रात्रीची असली की दिवसा बोअरची धार नाही, म्हणजे हातपाय धुवायला पाणी नाही आणि धारेखाली भिजायचं पोरांचं स्वप्नही नाही. अशा वेळी टाकं भरून ठेवायला आदल्या दिवशीच सांगावं लागतं. प्यायचं पाणी मात्र घरूनच न्यावं. बारा माणसांना थंडीतही वीस लिटरचा एक जार पुरत नाही, सोबत एखादी दहा लिटरची कॅन असू द्यावी.

आता वार. शहरातल्या माणसाला रविवारखेरीज दुसरा वार दिसत नाही. बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर कामावर येत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी वावर जरा निवांत असतं. तो वार सुट्टीशी जुळला तर उत्तमच. मात्र त्या दिवशी वेचणी बघायला मिळत नाही. बायांची वेचणीची रांग बघायचीच असेल, तर कामाचा दिवस धरावा आणि रांगेबाहेर उभं राहून बघावं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पोरांनी हौसेने चार बोंडं वेचून मावशींच्या झोळीत टाकली, तर त्यासोबत वाळका पालाही जातो आणि कापसात कचरा दिसला की भाव पडतो. पोरांना वेगळी पिशवी द्यावी. दव उतरल्यावर, म्हणजे नऊ-दहाच्या पुढे वेचू द्यावं, कारण ओला कापूस साठवला की पिवळा पडतो. बोंडाच्या वाळलेल्या कवचाची टोकं बोटांना ओरखडतात, पण तेवढं लागलं तर बिघडत नाही. अंगातल्या सुती कापडामागे किती ओरखडे असतात, हे त्याशिवाय कळणार कसं?

संत्र्याची गंमत निराळी आहे. बाग काकाजींची असते, पण झाडावरची फळं बहुतेक वेळा त्यांची नसतात. तोडणीच्या आधीच बाग व्यापाऱ्याला दिलेली असते, सौदा झालेला असतो. अशा बागेत पाहुण्याच्या पोराने दहा संत्री तोडली तर काकाजी हसतील आणि व्यापाऱ्यापुढे अवघडतील. म्हणून "बाग दिली का?" हेही विचारायचं. दिली असेल तर घरच्या खाण्यासाठी राखलेली दोन-चार झाडं बहुधा असतात, त्यांच्यापुरतं राहावं. तोडायची रीत अशी की फळ ओढायचं नाही. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि ते फळ दोन दिवसांत तिथूनच सडायला लागतं. छोट्या कात्रीने, देठाचा बारीक तुकडा फळावर ठेवून कापावं. आणि आंबट लागलं म्हणून घरी नेऊन पिकत घालण्यात अर्थ नाही. संत्रं आंब्यासारखं आढीत गोड होत नाही, झाडावरून उतरताना जेवढं गोड होतं तेवढंच राहतं.

जेवणाचा बेत मात्र एकच : रोडगे (विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी. झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधावर भाताचा मान मोठा असेल, पण वऱ्हाडात वावरात जाऊन डब्यातल्या पोळ्या खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस बघून परतण्यासारखं आहे. रोडग्यांचं गणित उलटं मांडावं, जेवायच्या वेळेपासून मागे. एक वाजता पान वाढायचं असेल, तर बाराला रोडगे विस्तवात जायला हवेत. बाराला विस्तव तयार हवा, तर सव्वाअकराला गोवऱ्या पेटायला हव्यात. म्हणजे वावरात साडेनऊ-दहापर्यंत पोचायला हवं. शहरातून निघालेली दोन कुटुंबं वाटेत तर्री-पोह्याला थांबली की हे गणित तिथेच कोलमडतं, आणि मग तीन वाजता अर्धेकच्चे रोडगे खात "वावरातली हवाच वेगळी" असं म्हणायची पाळी येते.

बारा माणसांना दोन किलो पीठ धरावं. गहू जाडसर दळलेला हवा. पोळीच्या बारीक पिठाचा रोडगा चिवट होतो. त्यात पाव लिटरच्या आत-बाहेर तेलाचं मोहन, दोन चमचे ओवा, मीठ, आणि लागेल तसं, साधारण नऊशे मिली पाणी. कणीक घट्ट मळायची. सैल झाली की गोळ्याला राख चिकटते आणि मग कितीही झटका, दाताखाली येतेच. लहान पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून तीन-चार एकावर एक ठेवायच्या आणि मोठ्या पारीत गुंडाळून गोळा बंद करायचा. आतले पदर यातून येतात. एवढ्या पिठात तीसेक रोडगे होतात. माणशी दोन आणि उरलेले सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या) घरी. हा उरलेल्यांचा हिशेब आधीच धरायचा असतो, नंतर उरलं तर देऊ असा नाही.

गोवऱ्या पंचवीस-तीस, चांगल्या वाळलेल्या. ढिगातून हाताने ओढू नये, आधी काठीने हलवावं, कारण विंचवाला ती जागा फार आवडते. जागा निवडताना कुटाराची (भुशाची) गंजी, तुराट्यांचा भारा आणि कापसाचा ढीग लांब ठेवावा, वर बघून झाडावर आग्या मोहोळ नाही याची खात्री करावी. धुराने ते उठलं तर गाडीत किंवा खोलीत शिरून दारं लावणं एवढाच उपाय आहे. गोवऱ्या पेटल्या की चाळीसेक मिनिटं नुसतं बसायचं. याच वेळात सगळ्यांत मोठी चूक होते. ज्वाळा दिसली की कुणीतरी उत्साही साळेबुवा रोडगे टाकून मोकळे होतात. ज्वाळेत रोडगा बाहेरून कोळसा होतो आणि आतून कणीक राहतो. ज्वाळा पूर्ण निवली, गोवरी आतून लाल आणि वरून राखाडी झाली, की रोडगे ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटं फिरवत सगळीकडून डाग पडू द्यायचे, मग गरम राखेत पुरून अर्धा तास विसरायचे. फोडून बघितला आणि पदर सुटे दिसले की झाला. मग जाड कापडात टाकून चौघांनी चार टोकं धरून हिंदकळवायचे, राख झडते. ताटात कुस्करून तुपाची धार. तूप बाराजणांना अर्धा किलो लागतं आणि यात काटकसर करणाऱ्याने रोडग्यांच्या वाटेला जाऊच नये.

तुरीची डाळ उघड्या गंजात (पातेल्यात) चुलीवर शिजायला तास लागतो, म्हणून घरून कुकरला शिजवून नेली तर त्यात कमीपणा नाही. फोडणी तिथे द्यावी. वांगी दीड-दोन किलो, लहान आणि काटेरी देठाची. सांबार विसरू नये. (विदर्भाबाहेरच्या जावयाला आधी सांगून ठेवावं की सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर तो इडली शोधत बसेल.) पत्रावळी पळसाच्या न्याव्यात. थर्माकोल आणि प्लास्टिक वाऱ्याने गोठ्याकडे जातं आणि ढोरांच्या पोटात अडकतं.

ढोरांवरून आठवलं. पोरांना खरं आकर्षण शेळीच्या करडांचं आणि वासरांचं. करडाला पाला द्यावा, पण "घे घे" करत उरलेले रोडगे, भात किंवा पीठ खाऊ घालू नये. धान्य जास्त झालं की शेळीचं पोट बिघडून फुगतं, आणि तुम्ही घरी पोचेपर्यंत काकाजी ढोरांच्या डॉक्टरला फोन लावत असतात. कोवळी ज्वारी उपटून बैलापुढे टाकणं तर त्याहून वाईट, फुलोऱ्याआधीच्या ज्वारीत विष असतं. नुकती व्यालेली गाय कितीही गरीब दिसो, तिच्या वासराला हात लावायचा नाही. एरवी कुठल्याही जनावराजवळ बाजूने, त्याला दिसेल असं जावं. मागून गेलं की लाथ. आणि गोठ्यातून आलं की साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी पानावर बसू नये. धारोष्ण दुधाचं कौतुक पुष्कळ ऐकलेलं असतं, पण पोरांना ते उकळूनच द्यावं.

बंडीत बसताना सगळे मागच्या बाजूला पाय सोडून बसतात. तिथून दृश्य चांगलं दिसतं, हे खरं. पण भार मागे गेला की बंडी उलळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोत्यांचा काच बसतो. मोठ्यांनी मध्ये, चाकांच्या आसावर बसावं. पोळ्याच्या दिवशी बैलांची सुट्टी असते, त्या दिवशी बंडीचा हट्ट धरू नये. पोरांसाठी दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आहेच, त्यांचा लाकडी बैल कितीही ओढा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मात्र काकाजी स्वतः म्हणाले तरी कुणाला बसवू नये.

विहिरीला कठडा नसेल हे धरूनच चालावं. त्याहून फसवं शेततळं. काठ उतरता, आत प्लास्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ. घसरलेल्या पोहणाऱ्यालाही तिथे धरायला काही सापडत नाही. एका मोठ्या माणसाने दिवसभर फक्त पोरांवर नजर ठेवायची, पत्त्यांचा डाव मांडायचा नाही, असं निघतानाच ठरवावं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते माहीत असावं, १०८ सगळ्यांच्या लक्षात असावा.

घरचं वावर नसेल तर कृषी पर्यटन केंद्रं आहेत. २०२० मध्ये राज्याचं त्यासाठी धोरणही आलं. तिथे पैसे मोजले की झोपाळा, पंखा आणि स्वच्छतागृह मिळतं, जे बायकांच्या दृष्टीने मुळीच किरकोळ नाही. ओळखीच्या वावरात जाताना हीच गोष्ट फोनवर कुणी विचारत नाही आणि मग दिवसभर कुणीतरी पाणी न पिता बसून राहतं.

निघताना राख पसरून तिच्यावर बादलीभर पाणी ओतावं. वरून विझलेल्या राखेत रात्रभर निखारा जिवंत राहतो. पोरांच्या पायमोज्यांतली कुसळं आणि सराटे गाडीत बसण्याआधी काढावेत, घरी गालिच्यात शिरलेला सराटा होळीपर्यंत सापडत राहतो. हरभऱ्याच्या वावरात फिरलेल्यांनी हातपाय धुवावेत. पानांवरची आंब चुरचुरते.

आणि दिवस मावळायच्या आत निघावं. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं अंधारासोबत येतात, त्यांच्यासाठी धुऱ्यावरच्या तारेला झटका मशीन लावलेलं असतं. काकाजी म्हणतील, "थांबा ना, चहा घेऊन जा, एवढी काय घाई हाय." म्हणत असताना त्यांचा एक हात मशीनच्या बटणावर असतो, आणि दुसऱ्या हाताने ते तुमच्या गाडीत संत्र्यांची थैली ठेवत असतात.